सहावं वाक्य

१६ एप्रिल, मंगळवार

कोर्टात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या साक्षी टाइप केल्या, आणि स्वतःच्या चार ओळी लिहायच्या म्हटलं तर हात अडतो. तिथे बरं होतं. आधी नाव, वय, धंदा, राहणार. तेवढ्यात साक्षीदाराचा घसा मोकळा व्हायचा आणि माझी बोटंही. इथेही तसंच करतो. भीमसेन खोब्रागडे, वय सहासष्ट, निवृत्त कोर्ट लिपिक, राहणार भंडारा, हल्ली मुक्काम मुलाकडे, झूटरमेर, नेदरलँड्स. व्हिसा तीन महिन्यांचा, परतीचं तिकीट अठ्ठावीस मेचं.

परवा रविवारी जयंतीचा कार्यक्रम आटोपून अनुप आणि मी गाडीने घरी येत होतो. सूनबाई मनाली हॉलवर आवराआवरीला थांबली होती. घर दोन मिनिटांवर राहिलं असताना सायकलवरची एक बाई आमच्या गाडीला धडकली. चुकलं. आमची गाडी तिला धडकली. साक्षीत कर्ता आधी नीट ठरवावा लागतो.

त्यांचं नाव मेव्राउ फेरहूफ. मेव्राउ म्हणजे इथलं 'बाई'. वय अडुसष्ट, पूर्वी लहान मुलांना पोहायला शिकवायच्या. खुब्याचं हाड मोडलं, खांद्याजवळचं एक मोडलं, डोक्याला मार लागला. जिवाला धोका नाही असं अनुप म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

पोलिसांनी जागेवरच त्याला नळीत फुंकायला लावलं. आम्ही दारूला शिवत नाही, तिथे काय निघणार! मग त्याचा फोन मागून घेतला. त्यातही काही निघालं नाही. माझा कुणी मागितला नाही. तो मी तेव्हापासून बंद करून कपाटात स्वेटरखाली ठेवलाय. हल्ली त्याची बॅटरी टिकत नाही.

ही वही मनालीने दिली. "बाबा, मनात ठेवू नका, लिहून काढा," म्हणाली. चांगली पोर आहे. प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे सगळं लिहून ठेवलं की बरं वाटतं अशी तिची समजूत आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

पोलिसांची ईमेल आली. गाडीत तिसरं कुणी नव्हतं, म्हणून साक्षीदार मी. मी परत जाण्याआधी, सात मेला सकाळी दहा वाजता बोलावलंय. भाषेसाठी दुभाषा हवा का, असंही विचारलंय. अनुपने माझ्यादेखत 'नको' म्हणून कळवून टाकलं.

"अरे, मला कुठे इंग्रजी बोलता येतं?" मी म्हणालो.

"तेच तर चांगलं आहे. इंटरप्रीटर आला की तुम्ही मराठीत सुरू होणार, आणि सुरू झालात की थांबत नाही. मग क्वेश्चनला क्वेश्चन. इंग्लिशमध्ये पाच सेंटेन्सेस बोलायची. पुढे काही विचारलं तर सॉरी, नो इंग्लिश. फिनिश्ड."

माझ्या अज्ञानाचा इतका उपयोग आजवर कुणाला सुचला नव्हता.

त्याची काळजी मला कळते. नागरिकत्वाचा अर्ज जानेवारीत गेलाय. सहा वर्षं इथे काढली, ऑफिस सांभाळून डच भाषेच्या परीक्षा दिल्या. गाडी चालवताना लक्ष दुसरीकडे होतं असं ठरलं तर खटला, आणि शिक्षा झाली तर अर्ज कित्येक वर्षं मागे. नोकरीचं काय होईल ते वेगळंच. पोराचं सगळं माझ्या पाच वाक्यांवर येऊन ठेपलंय.

वाक्यं त्याने कागदावर लिहून दिली. मी देवनागरीत उतरवून घेतो, उच्चार चुकायला नको. शी केम फ्रॉम द राइट, म्हणजे ती उजवीकडून आली. शी डिड नॉट लुक ॲट अस, तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ही लुक्ड ॲट द रोड, यातला 'ही' म्हणजे अनुप, तो रस्त्याकडे पाहत होता. ही ब्रेक्ड फॉर हर, त्याने तिच्यासाठी ब्रेक मारला. शी फेल इन फ्रंट ऑफ अस, ती आमच्यासमोर पडली. मनालीने तपासून पाचही वाक्यं बरोबर आहेत असं सांगितलं. अनुपने तिला एवढंच सांगितलंय की बाबांची भीड चेपायला हवी.

२१ एप्रिल, रविवार

पाठ करण्यात मी कधीच कच्चा नव्हतो. पाच वाक्यं दोन दिवसांत झाली. आता त्यांचा साचा कळायला लागलाय. आधी कोण, मग काय केलं, मग एक बारकासा शब्द, ॲट, टू, फ्रॉम, फॉर, आणि शेवटी कुणाला किंवा कुणाकडे. आपल्याकडे क्रियापद शेवटाला येतं, तोवर माणसाला विचार बदलायला सवड मिळते. कित्येक साक्षीदार "मी त्या दिवशी बैल घेऊन नदीवर..." इथवर येऊन वकिलाच्या तोंडाकडे बघायचे आणि मग 'गेलो' म्हणायचं की 'गेलो नाही' ते ठरवायचे. इंग्रजीत ती सोय नाही. दुसऱ्याच शब्दाला कबूल करून मोकळं व्हावं लागतं.

साचा हातात आला की त्यात काहीही बसवता येतं. मनालीने माझ्याकडून सराव करून घेतला. आय वॉश्ड द कप. शी टुक इट फ्रॉम मी. आय लुक्ड ॲट हर. ती हसत होती. मग अनुपचा डबा टेबलावर राहिला होता तो मी त्याला नेऊन दिला, आणि येऊन वहीत लिहिलं, आय गेव्ह इट टू हिम.

ते वाक्य खोडलं. शाई पसरली होती.

२३ एप्रिल, मंगळवार

आज पाचही वाक्यं शेवटून म्हणून पाहिली. कोर्टातली जुनी खोड. पढवलेला साक्षीदार ओळखायची वकिलांची एक युक्ती असे. "बरं, आता शेवटून सांगा." खरं पाहिलेला माणूस शेवटूनही सांगतो. अडखळतो, मागेपुढे होतो, मधेच त्याला बैलाचा रंग आठवतो. पढवलेला मात्र तिथेच आडवा. या लोकांच्या नकला मी चहाच्या टपरीवर करून दाखवायचो, बेलिफ लोक पोट धरून हसायचे.

मी आडवा झालो नाही. शेवटून, मधून, कुठूनही म्हणतो. बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं, चेहराही हलत नाही. म्हणजे पढवलेल्यांतला मी हुशार निघालो. याचं कौतुक वाटायला हवं होतं.

२७ एप्रिल, शनिवार

आज इथल्या राजाचा दिवस. सगळं गाव केशरी कपडे घालून रस्त्यावर. जयंती कमिटीतला सुदर्शन जेवायला आला होता. अपघाताचं सगळ्यांना कळलंय.

"काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "हे सायकलवाले असेच. मान वर करून बघत नाहीत. ब्लेम मात्र कारवाल्यावर, त्यातून आपण बाहेरचे."

अनुप मान डोलावत होता. मीही डोलावली.

"पण काका, तुम्ही पाहिलं का तिला येताना?"

अनुपच्या हातातला चमचा थांबला.

"शी केम फ्रॉम द राइट," मी म्हणालो.

"वा काका! इंग्लिश!" सुदर्शन टाळ्या वाजवत हसला. मनालीही हसली. अनुप हसला नाही. भात चिवडत बसला, पानावरून तसाच उठला.

त्याचं वजन उतरलंय. पोर पासपोर्टपायी झुरणीला लागलंय. माणसाने एका कागदासाठी इतकं भ्यावं का? पण मी बोलत नाही. आपण पाहुणे.

२९ एप्रिल, सोमवार

प्रमिलाने मनालीच्या फोनवर फोन लावला. प्रमिला माझी धाकटी बहीण, अनुपची आत्या, भंडाऱ्याला असते. मनाली पोळ्या लाटत होती, तिने फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, काहून फोन नाही उचलत? पंधरा दिवसांपासून लावून राहिली मी. त्या दिवशी मिरवणूक दाखवत होती त एकदम कुणी ओरडलं, मंग तुझा फोन पडला का काय, नुसतं काळं दिसे. जिवात जीव नाही माझ्या."

मनालीचं लाटणं थांबलं.

"पडला होता. बिघडलाय," मी म्हणालो. "आम्ही बरे आहोत. जयभीम. ठेवतो."

अनुप ऑफिसात होता. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. मनाली म्हणाली, "बाबा, आत्यांचा कॉल तेव्हाच चालू होता?"

"माझ्या फोनवर. अनुपच्या नाही."

हे खरं आहे. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, असं आमचे वकील साक्षीदाराला बजावून सांगायचे. जास्त बोललं की फसतो.

"तुम्ही पाठ केलेली वाक्यं मी सारखी ऐकतेय," ती म्हणाली. "त्यात ती आहे, अनुप आहे. तुम्ही कुठेच नाही. साक्ष तुमची ना? तुम्ही काय करत होतात?"

"मी बाहेर बघत होतो."

तव्यावरची पोळी करपली, ती तिने स्वतःच्या पानात घेतली.

३ मे, शुक्रवार

आज माझ्या नावाने टपाल आलं. या देशात माझ्या नावाने आलेलं पहिलं टपाल. पाकिटात कार्ड, वर बदकं. आत मोठ्या सुबक अक्षरात सोपं इंग्रजी, माझ्यासारख्यासाठी मुद्दाम सोपं केलेलं. मेव्राउ फेरहूफ यांचं.

अनुप गेल्या आठवड्यात फुलं घेऊन त्यांना भेटून आला होता. मला नेलं नव्हतं. मनाली घरी नव्हती, म्हणून एकेक शब्द लावत मीच वाचलं. त्यांना अपघाताचं काही आठवत नाही. त्या लिहितात, तुमच्या मुलाने सांगितलं की मी बघितलंच नाही आणि एकदम आडवी आले. तसंच झालं असणार. तुम्ही पाहुणे म्हणून आमच्या देशात आलात आणि मी तुम्हाला असं घाबरवलं, त्याबद्दल माफ करा. माझी मुलगी म्हणते, आई, तुझ्या नजरेचा आता भरवसा नाही, यापुढे सायकल बंद. तिचं बरोबर असावं. मी सायकल शेजारणीला दिली.

आय गेव्ह इट टू माय नेबर.

हे वाक्य वाचायला मला कुणाची मदत लागली नाही.

इथे ऐंशीच्या बाया सायकलला पिशव्या अडकवून बाजार करतात, पावसात, वाऱ्यात. गाडी आमची, हाडं तिची मोडली आणि माफी तीच मागतेय. वर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवून बसली. तो आम्ही घालवला. पाच वाक्यांतल्या दुसऱ्या वाक्याने. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

४ मे, शनिवार

आज संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहिला. युद्धात गेलेल्यांसाठी. टीव्हीवर मोठ्या चौकात हजारो माणसं, पण आवाज नाही. आम्ही तिघंही दिवाणखान्यात उभे. मनाली अनुपकडे बघत होती, अनुप जमिनीकडे. दोन मिनिटं किती लांब असतात ते आज कळलं. त्या दिवशीचं सगळं तीन सेकंदांत झालं होतं.

नंतर खोलीत आलो, कपाटातून फोन काढला, चालू केला. बॅटरीला काही झालेलं नाही. प्रमिलाचे एकोणचाळीस कॉल. मग वही घेतली. साध्या भाषेत लिहायला जमेना, म्हणून ज्या भाषेत एकतीस वर्षं लिहिलं तिच्यात लिहितो.

मी, भीमसेन खोब्रागडे, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, दिनांक १४ एप्रिल रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास मी मुलाच्या शेजारी गाडीत बसलो होतो. माझी बहीण प्रमिला हिचा माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. ती भंडाऱ्याची मिरवणूक दाखवीत होती. मी मुलास म्हणालो, बघ. तो म्हणाला, बाबा, नंतर. मी म्हणालो, दोन सेकंद बघ, आत्या आहे, आजच्या दिवशी आत्याला नाही म्हणतोस? असे म्हणून फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने हात केला नाही, तेव्हा मी तो त्याच्या हातात दिला. त्याने पाहिले. सदर वेळी सायकलवरील बाई उजवीकडून येत होती. रस्त्यावर पांढरे त्रिकोण काढलेले आहेत, म्हणजे आम्हीच थांबायला हवे होते. गाडी हळू झालेली पाहून आम्ही थांबतो आहोत असे ती समजली. तिने आमच्याकडे पाहिले. आमच्याकडे पाहून एक हात वर केला. इथले लोक थांबणाऱ्या गाडीचे असे आभार मानतात. मी तिला पाहिले. मी ओरडलो नाही. मला वाटले, अनुपही पाहतो आहे. साक्ष वाचून पाहिली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

खाली सही केली. अक्षर बिघडलं.

६ मे, सोमवार

जेवणं झाल्यावर अनुप म्हणाला, "बाबा, एकदा म्हणून दाखवा. उद्या आहे."

"आता सहा झालीत," मी म्हणालो. "आय गेव्ह इट टू हिम."

तो खुर्चीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "नाही बाबा. हे नाही म्हणायचं."

"ती बाई सायकल देऊन बसली रे."

"मला माहितेय. मी रोज जातो त्या क्रॉसिंगवरून. चालत. पण हे बोललात तर ते काय लिहितील कळतं का तुम्हाला?"

"तुझा अर्ज..."

"अर्ज गेला खड्ड्यात! तुम्हाला वाटतं मी पासपोर्टसाठी..." तो मधेच थांबला. डोळे भरले होते त्याचे. मला नवल वाटलं, अर्जासाठी नाही तर मग कशासाठी? पण तो म्हणाला, "जाऊ दे. दहाला पोचायचंय."

मनाली दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे," ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी माझ्याकडून त्या वाक्यांचं ग्रामर तपासून घेतलंत."

एवढंच बोलून आत गेली. दार आपटलं नाही. नीट लावलं.

७ मे, मंगळवार

अनुप पोलिस स्टेशनच्या बाहेर बाकावर बसला. मी आत जाताना त्याने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

आत एक तरुण पोलिस बाई. अनुपपेक्षाही लहान. कॉफी दिली. मग फार सावकाश, हाताने खुणा करत इंग्रजीत सांगितलं, की तुम्ही वडील आहात, मुलाविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. गप्प राहिलात तरी चालेल. मी दोनदा विचारून घेतलं. आपल्याकडे नवराबायकोला काही सूट असते, बापाला अशी मुभा दिलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे खोटं बोलायचीही गरज नाही, खरं बोलायचीही नाही. उठायचं, कोट घालायचा, अठ्ठावीसला विमानात बसायचं. ती थांबून राहिली. खिडकीतून अनुपचा बाकावरचा गुडघा तेवढा दिसत होता, सारखा हलत होता.

मी उठलो नाही, म्हणून तिने समोरचा कागद बघत विचारलं, "तुमचा मुलगा म्हणतो, माय फादर डिड नथिंग. ही सॅट बिसाइड मी. ही लुक्ड आउट ऑफ द विंडो. बरोबर?"

माझे वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी काही केलं नाही.

ही त्याची वाक्यं होती. पहिल्याच दिवशी दिलेली. मला पाच दिली, त्यांत मला कुठे येऊ दिलं नाही, आणि स्वतःच्या जबाबात मला खिडकीशी बसवून ठेवलं. मनालीने विचारलं होतं, तुम्ही कुठे आहात? मी तीन आठवडे समजत होतो की मी मुलाला वाचवतोय. मुलगा मला वाचवत होता. मला रडू आलं, परक्या पोरीसमोर. तिने कागदी रुमाल पुढे केला.

"नो," मी म्हणालो. "आय गेव्ह इट टू हिम."

"इट?"

"माय फोन. ही सेड, नो. आय सेड, लुक. आय गेव्ह इट टू हिम. ही लुक्ड ॲट इट. शी लुक्ड ॲट अस. शी रेज्ड हर हँड टू अस."

मी हात वर करून दाखवला, तिने केला होता तसा. पोलिस बाईची बोटं थांबली. तिने दुभाषा बोलावू का विचारलं. मी म्हटलं, बोलवा. फोनवर एक मराठी बाई आल्या, पुण्याकडच्या असाव्यात, आणि मी सगळं सांगितलं. अडखळलो. मागेपुढे झालो. बाईंच्या सायकलच्या टोपलीत पालेभाजी होती, हे मधेच आठवलं. बैलाच्या रंगासारखं.

पोलिस बाई दोन बोटांनी टाइप करत होती. माझे हात शिवशिवत होते. शेवटी तिने वाचून दाखवलं, दुभाष्या बाईंनी मराठीत सांगितलं. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर होतं. सही या वेळी नीट आली.

बाहेर आलो. अनुप उभा राहिला. "सांगितलं," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागला. घरापर्यंत माझ्यापुढे चार पावलं होता. रस्ता ओलांडताना मात्र थांबायचा, मी आलो की मग पाऊल टाकायचा.

१० मे, शुक्रवार

अनुपने वकील केला. परवा स्वतः जाऊन जबाब बदलून आला. खटला होईल. अर्जाचं काय ते कुणी बोलत नाही. हे सगळं मनालीने सांगितलं, अनुप बोलत नाही. सकाळी चहा आणून ठेवतो, कप ठेवल्याचा आवाज तेवढा होतो. रागावला आहे की लाजला आहे, मला ओळखता येत नाही. माझा मुलगा असून.

मी प्रमिलाला फोन लावला. सगळं सांगितलं. ती रडली, म्हणाली, "माझ्यामुळं झालं दादा." मी म्हणालो, "नाही. तू फक्त फोन केलास."

१६ मे, गुरुवार

मेव्राउ फेरहूफ यांनी बोलावलं होतं. पोलिसांनी त्यांना कळवलं असावं. निरोप माझ्यापुरताच होता, वडिलांना पाठवा. मनाली नेणार होती, पण ऐन वेळी तिला सुट्टी मिळाली नाही. बूट घालून दाराशी आलो तर अनुप आधीच उभा. बसने गेलो. गाडीला त्याने अपघातापासून हात लावलेला नाही.

मेव्राउ खुर्चीत बसल्या होत्या, चालायची काठी शेजारी. केस पांढरे, बारीक कापलेले. त्यांची मुलगी खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी. अनुपला बघून ती डचमध्ये भराभर काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. अनुप मान खाली घालून ऐकत राहिला. एकदाही "पण" म्हणाला नाही.

मेव्राउंनी हात वर करून तिला थांबवलं. मला समोर बसवलं. मी वाक्यं म्हटली. ही वेगळी होती, कुणी दिलेली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा कठोर झाला होता, आणि तो व्हायलाच हवा होता. सॉरी मी दोनदा म्हटलं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. मग पुढे वाकून एकच विचारलं.

"डिड आय लुक?"

मी पाहिलं होतं का?

"यस," मी म्हणालो. "यू लुक्ड ॲट अस. यू रेज्ड युवर हँड टू अस. आय लुक्ड ॲट यू. आय सेड नथिंग."

त्या मागे टेकल्या. डोळे मिटले. मग मान वळवून मुलीला म्हणाल्या, "झी ये वेल." मुलीने हाताची घडी सोडली, खिडकीबाहेर बघायला लागली. मेव्राउंनी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने, आणि काठी हातात घेतली. आम्ही निघालो तेव्हा त्या उभं राहायचा प्रयत्न करत होत्या.

बसस्टॉपवर आलो. वारा होता. बस यायला अकरा मिनिटं, असं पाटीवर होतं. अनुप रस्त्यापलीकडे बघत होता, तिथून सायकली जात होत्या, एकामागून एक. पाटीवर चार मिनिटं राहिली तेव्हा तो बोलला.

"झी ये वेल म्हणजे, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?'"

नऊ दिवसांत तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य.